पाहुण्यांना माग दाखवताना

नमस्कार, श्रोतेहो.

थंडी सुरू झाली की नागपुरात परदेशचे पाहुणे उतरू लागतात. कुणाच्या मुलीच्या ऑफिसातले, कुणाच्या मुलाच्या विद्यापीठातले. दीक्षाभूमी होते, ताडोबा होतं, आणि मग घरात प्रश्न पडतो, आता यांना कुठे न्यायचं? मॉलमध्ये नेऊ नका. मॉल त्यांच्या गावीही आहेत. भंडाऱ्याच्या पुढे मोहाडी, आंधळगावकडे न्या आणि करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या, टसर या रानरेशमाच्या साडीचा हातमाग दाखवा. दुकान नव्हे, माग. चालू माग.

आधी एक सरकारी काम. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. हॉटेलवाले ती करतातच, घरचे लोक विसरतात. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो पाहुणा येण्याआधीच मागवून ठेवा.

दुसरं, विणकराला फोन. फक्त "येऊ का?" एवढंच विचारू नका. "माग चालू आहे का, की सांधणी सुरू आहे?" असं विचारा. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नव्या ताण्याचे हजारो धागे जुन्या टोकांना एकेक करून जोडावे लागतात. त्या दिवशी आडवा धागा नेणारा धोटा फिरत नाही. पाहुणे तासभर बसून माणसाची पाठच बघतात. आणि सकाळी पोहोचा. नागपूरहून भंडारा ६० किलोमीटरच्या आसपास, तिथून तुमसर रस्त्याने मोहाडी.

मागावर बघायचं काय? धोटे मोजायला सांगा. तीन असतात. एक मधल्या अंगासाठी, त्यात टसर. दोन काठांसाठी, त्यांत सूत. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, कडेपासून आत येतो, अंगाच्या बाण्यात गुंततो आणि मागे फिरतो. ही फिरण्याची जागा हळूहळू आत सरकते, मग पुन्हा बाहेर येते. त्यातून करवतीचा एक दाता तयार होतो. पुन्हा सांगतो, तीन धोटे. तीन धोटे असल्यामुळेच काठाचा रंग भरीव दिसतो, कारण काठात उभा आणि आडवा दोन्ही धागे काठाच्याच रंगाचे. नकली साडीत अंगाचा बाणा काठातून आरपार जातो आणि रंग मिसळतो. काठ उजेडाकडे धरला की लगेच कळतं.

आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी जर्मनीहून पाहुणे आले होते. त्यांतला एक रसायनशास्त्राचा माणूस, फार चिकित्सक. विणकराच्या घरी सगळं पाहून झालं, साडी पुढ्यात आली. हा म्हणाला, धागा कुठे जाड, कुठे बारीक आहे, हे रेशीम कशावरून? यजमानांचा चेहरा पडला. विणकर मात्र शांत. आत हाक दिली, "काडीपेटी आण वो." पाहुण्याला म्हणाला, तुम्हीच धागा काढा, तुम्हीच जाळा.

पाहुण्याने साडीच्या दशांतून, म्हणजे टोकाच्या सुट्या धाग्यांतून, अगदी कोपऱ्यातला, एक धागा ओढला आणि पेटवला. भुर्रकन जळाला. वास आला जळक्या कागदाचा, राख राखाडी, भुरभुरीत. पाहुण्याने काही न बोलता यजमानांकडे पाहिलं. हे तर सूत! यजमानांना वाटलं, धरणी दुभंगावी. तेवढ्यात विणकर हसायला लागला. "कोपऱ्यातला धागा काठाचा राहते जी. काठ तं सुताचाच असते. आंगाचा घ्या ना!"

मग मधल्या दशांतला धागा घेतला. तो सावकाश जळाला, ज्योत बाजूला नेताच विझला. वास केस जळल्यासारखा. टोकाला काळी गोळी, चिमटीत धरली तर चुरा. पाहुणा खूश. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण त्याच्या बायकोच्या गळ्यात प्रवासात घेतलेला 'शुद्ध रेशमी' स्टोल होता. तिने स्वतःच त्याचा धागा पुढे केला. तो जळलाच नाही, आक्रसला, वितळला, प्लास्टिकचा वास आला आणि टोकाला टणक मणी झाला. नखाने फुटेना. तो मणी तिने कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दुकानदाराला दाखवायला, म्हणे.

तर लक्षात ठेवा, करवतकाठीचा धागा जाळून बघायचा तर अंगाचा, काठाचा नव्हे. आणि जाड-बारीक धागा हा टसरचा दोष नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळीचा कोसा तो, त्याचा धागा असाच निघतो. उलट अंग फार गुळगुळीत लागलं तर शंका घ्या.

परतीच्या वाटेवर जेवणाचा विषय निघतोच. सावजी रस्सा मुळात याच विणकरांच्या, कोष्ट्यांच्या घरातला, म्हणून खाऊ घालावाच. पण पहिल्या रात्री नको. दोन दिवस वरण-भात, पोळी होऊ द्या, मग सावजी, ज्वारीची भाकरी आणि शेजारी दही. हल्ली शहरात कुठल्याही लाल तेलाला सावजी म्हणतात, त्यांचं तर नावच काढू नका. मसाला खरपूस भाजून बारीक वाटलेला हवा, नुसतं तिखट नको. असो, आपण साडीवर होतो.

खरेदीचं सांगतो. परदेशी पाहुण्याला साडी नेसता येत नाही, ती कपाटात पडून राहते. दुपट्टा किंवा स्टोल मागा, तेही टसरमध्ये विणतात. शुद्ध रेशमाची खूण म्हणून 'सिल्क मार्क'चं लेबल आहे का, विचारा. विणकराच्या घरी भाव पाडू नका. पाहुण्यांसमोर तर नाहीच. परदेशी कार्ड तिथे बहुधा चालत नाही आणि पाहुण्याच्या फोनवर यूपीआय सहसा नसतं. त्यामुळे पैसे यजमानाने द्यायचे, हिशेब घरी आल्यावर करायचा. बिल मात्र पाहुण्याच्या नावाने घ्या, परतताना विमानतळावर विचारलं तर दाखवायला हाताशी राहतं.

नमस्कार.