श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

(नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि उपकेंद्रांवर नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कुठल्याही वॉर्डातला टीपीआरचा (तापमान, नाडी, श्वसन) तक्ता उघडा आणि फक्त श्वसनाची ओळ वाचा. पहिल्या बेडला २०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १८, चौथ्याला परत २०. न्यूमोनियाच्या आजोबांना २० आणि हर्नियासाठी आलेल्या धडधाकट पोरालाही २०. तापमान आणि बीपी यंत्राने घ्यावं लागतं म्हणून तेवढं तरी घेतलं जातं. श्वसनाला यंत्र लागत नाही, म्हणून तो आकडा बहुतेक वेळा मोजलाच जात नाही, भरला जातो. आजचा विषय आहे रुग्णाला हाताने, कानाने आणि डोळ्यांनी नीट तपासणं, आणि त्याची सुरुवात मी त्यामुळे श्वसनापासूनच करणार आहे.

रुग्ण खालावायला लागला की श्वसनाचा वेग बऱ्याचदा सगळ्यात आधी वाढतो. बीपी त्या वेळी अजून ठीक असतं, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा ऑक्सिमीटरही ९७ टक्के दाखवतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय, मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तात आम्ल साचतंय, अशा वेळी छाती स्वच्छ असूनही माणूस भराभर किंवा खोल श्वास घेतो, कारण शरीर ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या वाटेने बाहेर टाकू पाहतं. तक्त्यावर २० लिहून ठेवलं असेल तर हा इशारा कुणाला दिसणारच नाही.

मोजायची रीत सोपी आहे. नाडी बघून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि नजर छातीकडे किंवा पोटाकडे वळवा. ‘आता श्वास मोजते हं’ असं सांगितलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. विश्रांतीत असलेल्या प्रौढाचा वेग मिनिटाला १२ ते २०. २५ किंवा त्याहून जास्त आला, तर बाकीचे आकडे कितीही छान असोत, डॉक्टरांना लगेच कळवा.

लहान मुलांत तर याच आकड्यावर उपचार ठरतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक म्हणजे श्वास जलद. बाळ आईच्या मांडीवर, अंगडं वर केलेलं, रडत नसलेलं आणि दूध पीत नसलेलं हवं. झोपलेलं असेल तर उत्तम, उठवू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, त्यामुळे ६० किंवा अधिक आला तर पुन्हा एक मिनिट मोजा. आई ‘पोट उडतंय’ म्हणत असेल तर बरगड्यांच्या खालच्या कडेकडे बघा: श्वास आत घेताना तो भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जातोय का? बाळ शांत असतानाही जातोच आहे, तर हे गंभीर लक्षण आहे.

आता बीपी. इथे चुका इतक्या प्रकारांनी होतात की वेळही जास्त द्यावा लागेल.

रुग्ण जिना चढून किंवा एसटीतून उतरून थेट खुर्चीत बसला आणि तुम्ही पट्टा गुंडाळलात, तर तो आकडा जिन्याचा आहे. पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी किंवा पायांची आढी नाही, लघवी करून आलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू नको. आणि बायकांना मशेरीबद्दलही विचारा, कारण ती त्या आपण होऊन सांगत नाहीत. मोजताना गप्पा बंद, तुमच्याही.

हात टेबलावर टेकलेला आणि पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीवर. हात १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर आकडा साधारण ७–८ मिलिमीटरने (पाऱ्याच्या, बीपी त्यातच मोजतात) वाढतो. एवढ्यावर गोळी सुरू झालेली माणसं आहेत. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-अडीच सेंटीमीटर वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधला, तर ती बाहीच दंड आवळते. बाहीतून हात काढायला सांगा, आडोसा करा.

पट्ट्याचं माप पाहिल्याशिवाय बांधू नका. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. नेहमीचा प्रौढ पट्टा २७ ते ३४ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर लहान पट्टा आकडा खोटा वाढवतो. उलटी चूक फारशी कुणी शिकवत नाही: बारीक बांध्याच्या गरोदर बाईला मोठा पट्टा बांधला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि नेमक्या तिथेच कमी दिसणं धोक्याचं असतं. उपकेंद्रात एकच पट्टा असेल तर लहान मापाचा मागणी-पत्रकात लिहा, आणि येईपर्यंत लिहीत राहा.

स्टेथो लावण्याआधी नाडीवर बोटं ठेवून पट्टा फुगवा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, थोडं थांबा. मग स्टेथो लावून त्या आकड्याच्या ३० मिलिमीटर वर फुगवा आणि सेकंदाला २–३ मिलिमीटर या वेगाने उतरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. काही रुग्णांत, विशेषतः जुना उच्च रक्तदाब असलेल्या वयस्करांत, आवाज सुरू होऊन मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. वरचं खरं बीपी १९०, आवाज १७० ते १५० मध्ये नाही, आणि तुम्ही सवयीने १६० पर्यंतच फुगवलंत, तर तुम्हाला १५० ऐकू येईल आणि चुकलं हे कळणारही नाही.

पहिला ठोका ऐकू येतो ते वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये हे आवाज सांगितले, ते आजही तसेच ऐकतो. काटा जवळच्या २ मिलिमीटरपर्यंत वाचा. एखाद्या रजिस्टरमध्ये सगळे आकडे शून्यावरच संपत असतील, १२०/८०, १३०/८०, ११०/७०, तर ते कानाने नव्हे, सवयीने लिहिलेले आहेत. एक-दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही हात मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे कायम धरा. चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर चक्करेचं कारण बहुधा तिथेच आहे. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हाताला पट्टा लावायचाच नाही.

वीस आठवड्यांनंतरच्या गरोदर बाईचं १४०/९० किंवा जास्त आलं तर लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासा, आणि डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीच्या खाली वरच्या पोटात दुखतं का, हे तीन प्रश्न विचारा. १६०/११० असेल तर काही मिनिटांत पुन्हा मोजा आणि फोन लावा. ‘उद्या ओपीडीत या’ हे उत्तर त्या बाईसाठी नाही.

नाडीबद्दल थोडक्यात. तर्जनी, मधलं बोट, अनामिका. अंगठा नको, त्याचे स्वतःचे ठोके तुम्हाला जाणवतील. नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. अगदीच बेताल असेल तर एकाने मनगटावर आणि दुसऱ्याने छातीवर स्टेथो ठेवून त्याच मिनिटात मोजायचं. छातीवर ११०, मनगटावर ८६ असा फरक आला तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. वाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फीव्हर) हृदयाची झडप खराब झालेल्या तरुण बायकांत असं सापडतं. अशांचं बीपी डिजिटल यंत्रावर सोडू नका, बेताल ठोक्यांत ते यंत्र गोंधळतं. कानाने घ्या, आणि दोन-तीनदा.

तापमापक काखेत लावताना घाम टिपून घ्या आणि टोक कपड्याला नव्हे, कातडीला भिडलंय ना ते बघा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी असतो. स्वतःच्या मनाने मिळवून लिहू नका, ‘काख’ असं लिहा. कपाळावर रोखायची बंदूक घाम, पंखा आणि ऊन यांनी फसते. नवजात बाळात तापाइतकीच थंडीची भीती असते: ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की लगेच आईच्या उघड्या छातीला लावा आणि टोपी घाला.

ऑक्सिमीटरवरची टक्केवारी वाचण्याआधी त्याच्यावरचे नाडीचे ठोके तुम्ही मोजलेल्या नाडीशी जुळतात का बघा. जुळत नसतील तर टक्केवारीही धरू नका. नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळून ऊब आणा. आणि आपल्याकडे महत्त्वाचं: हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईचा आकडाही ९८ येतो. जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती भरलंय एवढंच ते यंत्र सांगतं, मुळात आहे किती हे नाही.

त्यासाठी डोळे वापरा. खालची पापणी, जीभ, तळहात, नखं फिकट आहेत का ते बघा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. कावीळ बघताना रुग्णाला खाली बघायला सांगून वरची पापणी उचला. पिवळ्या बल्बखाली ती हमखास निसटते. पायाची सूज नडगीच्या हाडावर अंगठा निदान पाच सेकंद दाबून बघा, मांसल पोटरीवर नाही. दिवसभर अंथरुणात असलेल्या माणसाची सूज कमरेच्या मागे साचते, तिथेही दाबा.

स्टेथो शर्टावरून लावू नका. कापडाची सळसळ आणि फुप्फुसातली करकर सारखीच ऐकू येते. छातीवर केस दाट असतील तर पाण्याने ओले करून चपटे करा. फक्त पुढून ऐकून सोडलंत तर फुप्फुसांच्या खालच्या भागांचा बराचसा अंश राहून जातो. पाठीमागून, दोन्ही बाजूंना आळीपाळीने ऐका.

पोटाला हात लावण्याआधी बघा, मग ऐका, मग दाबा. गुडघे दुमडलेले, तुमचा हात कोमट. दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करा आणि हाताकडे नव्हे, रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघा. पानथरी (प्लीहा) शोधताना उजव्या ओटीपोटापासून तिरकं डाव्या बरगडीकडे जा. डावीकडेच सुरुवात केली तर खूप वाढलेली पानथरी हाताखाली असूनही तिची कड सापडत नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत काम करणाऱ्यांना मलेरिया आणि सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्तविकार) यांमुळे हे रोज लागेल. सिकलसेलचं मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि पानथरी कालच्यापेक्षा मोठी लागली, तर रक्त पानथरीत साचतंय. तिथे तासांचा प्रश्न असतो. म्हणून आईला घरीच पानथरी चाचपायला शिकवून ठेवा.

या सगळ्यात एक साथीदार असावा, बाई तपासताना बाई हवीच, आणि कुठे हात लावणार ते आधी सांगायचं.

फोनवर कळवताना ‘बीपी लो आहे, पेशंट सिरियस आहे’ म्हणू नका. ‘११:२० ला, आडवं असताना, उजव्या हातावर ८४/५०, नाडी १२८, श्वसन ३०, हातपाय गार, शुद्धीवर आहे पण उत्तर उशिरा देते’ असं सांगा. पलीकडचा डॉक्टर एवढ्यावर गाडी पाठवायची की नाही ते ठरवू शकतो.

आता जोड्या करा. मागच्या टेबलावर दोन जोडकानी स्टेथो आहेत. एकाच वेळी दोघांनी ऐकायचं, आकडे एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचे. फरक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर मला हाक मारा, तिसरा कान मी लावते.