शनिवारी दुपारी शिट्टी कोण वाजवणार?

नमस्कार मंडळी. आज रग्बीवर, त्यातही रग्बीच्या रेफरीवर बोलायचंय, पण ते टीव्हीवर दिसतं ते लंडनच्या ट्विकनम स्टेडियममधलं 82 हजार लोकांसमोरचं रग्बी नाही हं, इंग्लंडमधल्या गावोगावच्या क्लबांचं रग्बी, जिथे प्लंबर, मास्तर, कॉलेजची पोरं आठवडाभर आपापली कामं करून शनिवारी दुपारी चिखलात उतरतात आणि मॅच संपली की दोन्ही टीम एकाच क्लबहाऊसमध्ये जेवायला बसतात. पैसा नाही, नाव नाही, नुसती आवड.

तर झालं काय, 2022-23 च्या सीझनला आरएफयूने, म्हणजे तिकडच्या रग्बी संघटनेने, या सगळ्या लीगची मांडणीच बदलली. तिकडे पहिली लेव्हल सगळ्यात वरची, मग दुसरी, तिसरी असं खाली येत जायचं. त्याआधी चौथ्या लेव्हलला दोनच लीग होत्या, नॉर्थ आणि साउथ, प्रत्येकीत 16 टीम. त्याच्या तीन केल्या, 14-14 टीमच्या. त्याखाली पाचव्या लेव्हलला चार लीग होत्या 14 टीमच्या, त्यांच्या सहा केल्या, 12-12 च्या. कारण अगदी रास्त होतं, प्रवास कमी करायचा, मॅच कमी करायच्या, मधेमधे सुट्टीचे शनिवार ठेवायचे म्हणजे पोरांच्या दुखापती भरून निघतील आणि घरच्यांनाही वेळ मिळेल.

प्रवासाचं म्हणाल तर रेडरुथचं उदाहरण घ्या. हे गाव पार कॉर्नवॉलमध्ये, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, आणि जुन्या साउथ लीगमध्ये त्यांना मॅच खेळायला आग्नेयेकडच्या केंट भागात, कँटरबरीला जावं लागायचं, म्हणजे देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, पाचशे किलोमीटरच्या वर, एका बाजूने! सोमवारी परत कामावर जाणाऱ्या माणसाने हे किती वर्षं करायचं? नवीन मांडणीत त्यांना वेस्ट लीग मिळाली. तिथेही मिडलंड्सपर्यंत, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागापर्यंत जावं लागतं, पण केंटची वारी तरी सुटली. हा बदल व्हायलाच हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पण क्लबाच्या खजिनदाराला विचारा. 16 टीमच्या लीगमध्ये 15 मॅच घरच्या मैदानावर व्हायच्या, 14 च्या लीगमध्ये 13 होतात, 12 च्या लीगमध्ये 11. आता छोट्या क्लबाची कमाई कुठून येते, तर घरच्या मॅचच्या दिवशी बारमधून, मॅचआधीच्या जेवणातून, गेटवरच्या थोड्याफार पैशातून. मैदानाचं गवत, फ्लडलाइटचं बिल, इन्शुरन्स तेवढंच राहतं आणि घरचे दोन शनिवार जातात. हे नुकसान वरून बघणाऱ्याला दिसत नाही, तिथे बसून हिशोब लिहिणाऱ्याला दिसतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसलोय तो माणूस, रेफरी.

चौथ्या लेव्हलचाच हिशोब करू. आधी 32 टीम होत्या, म्हणजे एका शनिवारी 16 मॅच. आता 42 टीम, म्हणजे 21 मॅच. पाचव्या लेव्हलला 56 च्या 72 टीम झाल्या, 28 मॅचच्या 36. टीमना कागदावर एका झटक्यात वर चढवता येतं हो, पण त्या लेव्हलच्या मॅच सांभाळेल असा रेफरी एका झटक्यात तयार होत नाही, तो वर्षानुवर्षं खालच्या मॅच करत, बघायला आलेल्या जुन्या रेफरीचं ऐकत ऐकत वर येतो. मग वरच्या लीगसाठी माणसं ओढली की खालच्या लीगला कोण उरणार? त्यात क्लबांच्या दुसऱ्या-तिसऱ्या टीमसुद्धा लीगमध्ये खेळायला लागल्या, चांगलंच आहे, पण त्यांनाही शिट्टी वाजवणारा लागतोच. आणि सुट्टीचे शनिवार बऱ्याच लीगना एकदमच, म्हणजे एका आठवड्यात रेफरी पुरत नाहीत आणि पुढच्या आठवड्यात तेच रेफरी घरी बसून!

बरं, हा माणूस करतो काय ते मी जवळून बघितलंय. मॅचच्या बराच आधी येतो, ड्रेसिंग रूममध्ये जाऊन एकेकाच्या बुटाचे स्टड हाताने चाचपून बघतो, मग पहिल्या रांगेतल्या पोरांना, प्रॉप आणि हुकरना, बाजूला घेऊन स्क्रमच्या, म्हणजे दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात त्याच्या, हाका कशा देणार ते समजावतो, कारण स्क्रम कोसळला तर एखाद्याची मान जाऊ शकते. खालच्या लेव्हलला लाइनवर झेंडा घेऊन उभा असतो तो क्लबातलाच कोणीतरी, बदली खेळाडू नाहीतर कोणाचे वडील, म्हणजे ऐंशी मिनिटं निर्णय सगळे याचेच. जुलै 2023 पासून टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी किंवा त्याखालीच करायची असा नियम तिकडच्या क्लब रग्बीत आला, तोही यानेच पाळून घ्यायचा आणि शिव्याही यानेच खायच्या. रेड कार्ड दिलं तर घरी जाऊन रिपोर्ट लिहायचा. आणि हे सगळं जवळपास फुकट, पेट्रोलचे पैसे मिळतात तेवढेच.

आपल्याकडे रग्बी बरंचसं टूर्नामेंटवर चालतं, सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं छोटं रग्बी असलं की तेच चार-सहा रेफरी एकाच मैदानावर दिवसभर आळीपाळीने मॅच काढतात, म्हणून ही अडचण इतकी टोचत नाही. पण उद्या महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत कायमच्या लीग सुरू करायच्या म्हटल्या तर एकाच दुपारी दहा गावांत दहा रेफरी लागतील, आणि तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात येणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लीगचा नकाशा काढायला बसाल तेव्हा टीम मोजता तसे त्याच टेबलावर रेफरीही मोजा, जिथे कमी आहेत तिथे टीम वाढवायच्या आधी एक-दोन सीझन नवीन पोरं-पोरी तयार करा, आणि सुट्टीचे शनिवार सगळ्यांना एकदम देऊ नका, एका भागाला या आठवड्यात, शेजारच्या भागाला पुढच्या आठवड्यात, म्हणजे शेजारचा मोकळा रेफरी इकडे येऊ शकेल. क्लबांनीही प्रत्येकी दोन माणसं कोर्सला पाठवायचं मनावर घ्यावं, खेळणं थांबवलेली पण मैदान न सुटलेली माणसं प्रत्येक क्लबात असतातच, त्यांना विचारा, याच सीझनमध्ये विचारा.