दुसऱ्या मुलाखतीला ‘चालेल सर’ म्हणू नका

(अमळनेर येथे नोकरी शोधणाऱ्या तरुणांसमोर आणि पालकांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं-मुली दिसताहेत, मधे बी.एस्सी. केमिस्ट्रीवाले आहेत आणि मागे पालक बसलेत. पालक आले ते फार बरं झालं, कारण आजचं बरंचसं बोलणं त्यांच्याशीच आहे.

विषय मुद्दाम लहान घेतलाय. बायोडाटा कसा लिहावा, टाय बांधावा की नाही, यावर मी बोलणार नाही. ते मोबाइलवर फुकट मिळतं, आणि आपली मुलं पहिली फेरी बहुतेक वेळा काढतातच. अडतं ते दुसऱ्या बोलावण्याला. जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात माझी नोकरी झाली, पर्सोनेल खात्यात. पुढे त्याच खात्याला एचआर म्हणायला लागले. खुर्ची तीच, हजेरीचे रजिस्टर तेच. दुसऱ्या फेरीत प्लँट हेड मधे बसायचे आणि मी कडेला. कडेच्या माणसाला बोलायचं काम कमी, त्यामुळे बघायला भरपूर मिळतं.

बघितलं ते असं. “नाइट शिफ्ट करशील?” “चालेल सर.” “प्रॉडक्शनला जागा नाही झाली, स्टोअरला टाकलं तर?” “चालेल सर.” “आमचं दुसरं युनिट सिल्वासाला आहे.” “चालेल.” “पगाराची अपेक्षा?” “तुम्ही द्याल तो, सर.”

पोराला वाटतं, आपण नम्रपणे वागलो. घरी शिकवण तीच असते, मोठ्यांपुढे उलट बोलू नये. पण टेबलापलीकडचा माणूस त्या वेळी कागदावर लिहितो, ‘विचार केलेला नाही, टिकणार नाही.’ आणि त्याचं फारसं चुकतही नाही. ज्याला सिल्वासा कुठं आहे हे बघायचंही सुचलं नाही, तो तिथं गेल्यावर दिवाळीला गावी येतो आणि परत जात नाही. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, नव्या माणसाला मशीनवर उभं करण्यात पुन्हा दोन-तीन महिने. कंपनीला भीती असते ती याची.

राग मानू नका, पण आपल्याकडचा शेतकरी बैल कसा घेतो ते आठवा. आधी दात बघतो, खांदा बघतो. मनात भरला की मग चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. दुसऱ्यांदा बोलावलंय म्हणजे दात बघून झालेत. आता तुम्ही कसे चालता ते बघायचंय, आणि कोणत्या रस्त्याने जाणार नाही तेही.

म्हणून तयारी कुठून सुरू करायची? पहिल्या मुलाखतीपासून. तिथून बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर बसून वहीत लिहा : काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, कुठं अडखळलो. दुसऱ्या फेरीवाल्याच्या हातात पहिल्या फेरीचा कागद असतो. तुम्ही जे बोलून गेलात त्याचाच धागा तो ओढणार.

एक मुलगा होता, क्वालिटी विभागासाठी आलेला. पहिल्या फेरीत म्हणाला, “सर, मला आयएस ४९८५ माहीत आहे.” पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं हे भारतीय मानक. उत्तर छान होतं, लिहून घेतलं गेलं. दुसऱ्या फेरीला प्लँट हेडने मानकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. टेबलाखालून पाइपचा हातभर तुकडा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. “वाच.” पाइपवर सगळं छापलेलं असतं : कंपनीचं नाव, बाहेरचा व्यास, किती दाबाचा वर्ग, आयएसआयचं चिन्ह, बॅच नंबर. मुलाने वाचलं. मग प्लँट हेडने विचारलं, “याची जाडी कुठं मोजशील?” मुलाने व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, घेतला, एका जागी लावला आणि आकडा सांगितला. प्लँट हेडने तुकडा थोडा फिरवला. “आता?” आकडा वेगळा आला. तिसऱ्या जागी आणखी वेगळा. डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, मधोमध बसली नसेल तर पाइपची भिंत एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ येते, म्हणून गोलाईवर फिरवत मोजायचं असतं. मुलाने हे वाचलेलं होतं, हाताने कधी केलेलं नव्हतं. तरी तो घेतला गेला. का, तर त्याने लगेच सांगितलं, “सर, कॉलेजात आमच्याकडे पाइप नव्हता, मी शाफ्ट मोजलाय. हे मला शिकावं लागेल.” ‘येतं सर’ म्हणाला असता तर तिथंच संपलं असतं.

तेव्हा पहिल्या फेरीत ज्या गोष्टीचं नाव घेतलंत ती दुसऱ्या फेरीआधी हाताळून या. आपल्या भागात ते अवघड नाही. पाइप, ठिबक, प्लास्टिकच्या चटया, डाळ मिल सगळं जळगावात आहे. नात्यातलं कोणी ना कोणी तिथं कामाला असतंच. एक दिवस त्याच्या ओळखीने आत उभं राहून या. आणि ज्या कंपनीत जाताय तिची माहिती काढा. विप्रोची सुरुवात १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. तिथं मुलाखतीला जाणाऱ्या अमळनेरच्या पोराला हे ठाऊक नसेल तर कपाळावर हात मारायचा!

आता पालकांकडे वळतो. दुसऱ्या फेरीत कधी रुजू होणार, कुठं राहणार हे विचारतात. तेव्हा मुलगा म्हणतो, “घरी विचारून सांगतो.” मुलगी तर हमखास म्हणते. घरी विचारणं चांगलंच आहे, पण ते आधी करायचं काम आहे. बोलावणं आलं की त्या रात्री जेवणानंतर सगळ्यांनी बसा. आप्पा, आई, मोठा भाऊ, सगळे. अंकलेश्वर-वापीच्या केमिकल कंपनीत पाठवायचं की नाही? शिफ्टची कंपनीची बस आहे का? उधन्याला मामा आहेत म्हणून सुरत चालेल, पण भरूचकडच्या दहेजला कोणी नाही, तर मग? इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून मागितला तर किती वर्षांचा मान्य? हे घरात ठरलं की मुलगी तिथं सरळ सांगू शकते, “अंकलेश्वरला येईन. पहिले सहा महिने नाइट शिफ्ट नको, नंतर हरकत नाही.” असं बोलणारीला कोणी उद्धट म्हणत नाही. आणि ज्या कंपनीला एवढंही चालत नाही, तिथलं पुढचं काय असणार ते तुम्हीच ओळखा. मुलाखतीच्या दिवशी मात्र दर अर्ध्या तासाने फोन करून “काय व्हयनं रे भाऊ?” विचारू नका. फोन खिशात थरथरतो आणि पोराचं लक्ष तिकडे जातं.

पगाराबद्दल आपल्याकडे बोलायची लाज वाटते. हिशेब घरी करून गेलात तर वाटणार नाही. समजा वर्षाचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, ३,६०,००० सांगितलं. महिन्याला ३०,००० झाले म्हणून गावभर पेढे वाटू नका. धरून चाला की त्यात मूळ पगार १५,००० आहे. कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००, तो बहुतेक ठिकाणी याच ३०,००० मध्ये मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, साधारण ४.८१ टक्के, म्हणजे ७२० च्या आसपास, तीही त्यातच. उरले सुमारे २७,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,८०० कापला जातो, व्यवसाय कर २००. हातात येतात साडेपंचवीस हजारांच्या आत. विम्याचा हप्ता किंवा कँटीनचे पैसे कापत असतील तर आणखी कमी. तेव्हा ‘किती देणार’ यापेक्षा ‘हातात किती पडतील आणि पीएफ-ग्रॅच्युइटी यातच धरली आहे का’ हे विचारा. हे विचारणाऱ्याला टेबलापलीकडे मान मिळतो, मी बघितलंय. तुम्हीही आकडा सांगा, पण खालची मर्यादा मनात ठेवून वरचा सांगा. भोसरीत तिघांनी मिळून खोली घेतली तर भाडं किती, मेस किती, घरी किती पाठवायचेत, यावरून खालची मर्यादा निघते. आपल्याकडचे इतके लोक पिंपरी-चिंचवडला आहेत, एक फोन केला की भाव कळतो.

शेवटी ते विचारतात, “तुम्हाला काही विचारायचंय?” यावर “नाही सर” हे उत्तर म्हणजे ‘चालेल’चाच भाऊ. सावद्याकडच्या एका केळीच्या पॅकहाऊससाठी आलेली कृषी पदवीधर मुलगी मला आठवते. तिला विचारलं गेलं, निर्यातीची केळी किती तापमानाला न्यायची. ती म्हणाली, तेरा-चौदा अंश सेल्सिअस. त्याखाली गेली की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. बरोबर होतं. पण तिची निवड झाली तिच्या प्रश्नामुळे. तिने विचारलं, “कंटेनरला उशीर झाला तर माल थांबवायचा की भरायचा, हा निर्णय माझा असेल की तुमचा?” समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले, कारण ते त्यांचंही ठरलेलं नव्हतं!

भाषेचं फार घेऊ नका. दुसऱ्या फेरीतले साहेब कामाचे असतात, इंग्रजी शब्दांची परीक्षा घेत नाहीत. अडलं तर हिंदीत सांगू का विचारा आणि सांगा.

प्रवासाचं तेवढं ऐका. रात्रभर ट्रॅव्हल्सने बसून सकाळी सहाला पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्याला उतरायचं, तिथंच कुठंतरी तोंड धुवायचं आणि दहाला मुलाखत, हे करू नका. आदल्या दिवशी निघा, नाहीतर फोन करून दुपारची वेळ मागा; बाहेरगावचा उमेदवार आहे म्हटल्यावर बहुतेक देतात. मूळ मार्कशीट दाखवायला न्या, पण तिथं ठेवून येऊ नका. आणि निवडीसाठी कोणी पैसे मागितले, डिपॉझिट म्हणा की युनिफॉर्मचे, तर तिथून उठा. हातात नोकरी असेल तर ऑफर लेटर लेखी आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोंडी ‘तुमचं झालं’ म्हणजे काहीच झालेलं नसतं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी एक मेल टाका. मजकूर लांब नको. भेटीबद्दल आभार, जे तिथं कबूल केलंत ते पुन्हा एकदा, म्हणजे ‘एक तारखेपासून रुजू होऊ शकेन, अंकलेश्वर युनिट मान्य आहे’, आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल एवढी विचारणा. खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, सकाळी अकरानंतर. त्याआधी त्यांची प्रॉडक्शनची मीटिंग असते.