शास्त्रात काय लिहिलंय? पंचगंगा घाट ते निबंधक कचेरी

(दृश्य: पहाटेचा पंचगंगा घाट)

कार्तिकातली पहाट. घाटावर गुरुजी संकल्प सांगतायत. यजमान पळीनं ताम्हनात पाणी सोडत त्यांच्या मागोमाग म्हणतोय: गोदावर्याः दक्षिणे तीरे... मग गोत्र, नाव आणि पुढे तो लांबलचक समास, श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थम्. वेदांनी, स्मृतींनी, पुराणांनी जे फळ सांगितलंय ते मिळावं म्हणून हे कर्म. बहुतेकजण हे एका दमात म्हणून मोकळे होतात. पण यातल्या वेदाचे मंत्र कुणासाठी आणि पुराणाचे कुणासाठी, यावरून कोल्हापूर संस्थान काही वर्षं धुमसत होतं.

साल 1899. पंचविशीतले शाहू महाराज कार्तिकस्नानाला नदीवर आले होते. सोबत मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत. पुरोहित जे म्हणत होते ते वेदमंत्र नाहीत, पुराणातले श्लोक आहेत, हे भागवतांच्या कानानं टिपलं. विचारणा झाली. उत्तर आलं की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचं असतं. छत्रपतींनाही!

(दृश्य: जुना राजवाडा, भवानी मंडप)

वेदोक्त प्रकरण म्हणून आपण जे शाळेत चार ओळींत वाचतो, ते हे. जातीचा माज आणि सत्तेचा प्रश्न त्यात होताच, तो झाकायचं कारण नाही. पण बारकाईनं पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. शास्त्र बाजूला ठेवा, असं दोन्हीकडचं कुणीच म्हणत नव्हतं. राजोपाध्यांच्या, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांच्या, बाजूचा आधार होता ‘कलावाद्यन्तयोः स्थितिः’. म्हणजे कलियुगात पहिला आणि शेवटचा, ब्राह्मण आणि शूद्र एवढेच वर्ण उरले, क्षत्रिय संपले. महाराजांच्या बाजूनं दाखला होता रायगडाचा. 1674 मध्ये काशीच्या गागाभट्टांनी शिवाजी महाराजांना वेदोक्त राज्याभिषेक केला, तो काय शास्त्र गुंडाळून ठेवून?

गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी कृष्ण अर्जुनाला सांगतो, ‘तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते कार्याकार्यव्यवस्थितौ’. काय करावं आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र प्रमाण मान. प्रवचनात हा श्लोक आला की बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो. खरं तर तिथं तो सुरू व्हायला हवा. कारण अर्जुनाला शास्त्र ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? कुलधर्म, वर्णसंकर, पितरांचा पिंड, सगळं त्यानं पहिल्याच अध्यायात कृष्णाला ऐकवलं होतं.

मग शास्त्र म्हणजे नेमकं काय? मनुस्मृतीचा दुसरा अध्याय धर्माची चार लक्षणं देतो: वेद, स्मृती, सदाचार आणि ‘स्वस्य च प्रियमात्मनः’, आपल्या अंतरात्म्याला जे पटतं ते. चौथं ऐकून कुणाला वाटेल, चला, मनाला येईल ते करायला मोकळीक मिळाली. टीकाकारांनी ती पळवाट बंद केली आहे. शास्त्रानं दोन पर्याय खुले ठेवले असतील, तिथंच आपली पसंती, असं याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका मिताक्षरा सांगते. पण दुसऱ्या टोकालाही कुलूप आहे. स्मृतिकार बृहस्पतीचं वचन आहे, ‘केवलं शास्त्रमाश्रित्य न कर्तव्यो विनिर्णयः’. नुसतं शास्त्र धरून निर्णय करू नये, युक्ती सोडून केलेल्या विचारानं धर्माचीच हानी होते.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. चोरांच्या भीतीनं काही माणसं रानात लपली. चोरांनी कौशिकाला विचारलं. यानं खरं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण कुणाला सांगतो? प्रतिज्ञेपायी थेट धर्मराजावर तलवार उपसलेल्या अर्जुनाला.

आता या प्रकरणातला एक चमत्कारिक योग. शाहू महाराजांच्या मागणीविरुद्ध 1901 मध्ये केसरीत ‘वेदोक्ताचें खूळ’ या मथळ्याखाली लिहिणारे टिळक, आणि पुढे गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ असं प्रकरण घालून सत्य-अहिंसेलाही अपवाद कधी पडतात याचा ऊहापोह करणारेही टिळकच. ग्रंथात जी लवचीकता दिसते, ती कोल्हापूरच्या घाटापर्यंत पोचली नाही, असं आम्हाला वाटतं.

1902 मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचं वतन जप्त केलं. तक्रारी इंग्रज सरकारपर्यंत गेल्या, निर्णय फिरला नाही. त्याच वर्षी 26 जुलैला नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, त्याला तर मधला पुरोहितच नको होता. महाराजांनी त्यालाही बळ दिलं आणि 1920 मध्ये मराठा पुरोहित तयार करायला शिवाजी वैदिक विद्यालयही काढलं. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. पोथी कुणा एकाच्या कपाटात बंद राहू नये, एवढं दोन्हीत समान आहे.

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालयाचा व्हरांडा)

आजचा कोल्हापूरकर वेदोक्त-पुराणोक्तावरून भांडत नाही. तो इथं भेटतो, व्हरांड्यातल्या बाकावर, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन. वडील गेले, जमिनीचं वाटप करायचंय. ‘अक्का, तेवढी सही कर की.’ अक्का सासरहून सकाळच्या एसटीनं आलेली. कागद हक्कसोडपत्राचा. बहिणीनं हिस्सा मागायचा नाही, साडीचोळी घ्यायची, माहेर तुटू द्यायचं नाही. याला घरोघर रीत म्हणतात, आणि कुणी खोदून विचारलंच तर ‘पूर्वीपासून शास्त्रच आहे तसं’ असंही सांगतात.

आहे का तसं?

याज्ञवल्क्य स्मृती सांगते की वडिलांमागं वाटणी करताना भावांनी लग्न न झालेल्या बहिणींचे संस्कार करावेत, आपल्या वाट्यातला चौथा भाग देऊन. यावर जुना वाद आहे. काही टीकाकार म्हणाले, चौथा भाग म्हणजे लग्नापुरता खर्च. मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचे, कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते त्या राजवटीतले. त्यांनी हा अर्थ साफ नाकारला. खर्च नव्हे, हिस्सा. एक भाऊ, एक बहीण असेल तर आधी दोन वाटे करा, त्यातल्या एकाचे चार करा, त्यातला एक बहिणीला. आठ एकरांत एक एकर. आजच्या मानानं कमीच, आणि लग्न झालेली बहीण त्यात नाहीच. पण ‘बहिणीला काहीच नाही’ हे शास्त्र नव्हे.

कायदा सावकाश आला. 1994 ची महाराष्ट्राची दुरुस्ती, तीतही आधी लग्न झालेल्या मुली बाहेर. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

आत नाव पुकारलं जातं. फोटो, अंगठा, सही. दस्तात ठरलेलं वाक्य असतं, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. मान्य आहे का, असं विचारतात. अक्का भावाकडं बघून मान हलवते. विज्ञानेश्वरांचा तो एक एकर दोघांनाही कधी कुणी सांगितलेला नसतो.