माउंट न झालेली डिरेक्टरी

आजच्या भाषणाच्या पत्रिकेत विषय छापलाय 'लिनक्स सर्व्हरवर दूरचं स्टोरेज माउंट करणं', म्हणजे दुसऱ्या यंत्रावरची साठवण आपल्या एका डिरेक्टरीवर जोडणं. हार्ड-सॉफ्ट माउंट, आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क), परवानग्या, सगळ्यावर बोलायचंय. पण आधी एक गोष्ट मनापासून सांगायचीय, कारण शिकवताना ती बहुधा राहूनच जाते.

सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, आणलं. दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर आहे असं प्रोग्रॅमला वाटावं, ही त्याची करामत. प्रोग्रॅमला खुशाल वाटू दे. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही तसंच वाटायला लागलं, की घात होतो.

एका कचेरीत रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप एनएफएसवर जायचा. एकदा वीज गेली, आली, सर्व्हर लगेच उठला. स्टोरेज उठायला वेळ लागला. माउंट फसलं, लॉगमध्ये एक ओळ पडली, ती कोण वाचतंय! रात्री स्क्रिप्ट चालली. ज्या डिरेक्टरीवर माउंट बसतं, ती होतीच ना जागेवर, फक्त रिकामी. स्क्रिप्टनं तिच्यात बॅकअप ओतला, एक्झिट कोड शून्य, 'बॅकअप यशस्वी' अशी मेल. पुढच्या रात्री तेच, त्याच्या पुढच्या रात्रीही तेच. शेवटी रूट डिस्क, म्हणजे सर्व्हरची स्वतःची डिस्क, तुडुंब भरली आणि डेटाबेस बसला.

मग कोणीतरी घाईनं हातानं माउंट केलं. झालं, खालचे सगळे बॅकअप झाकले गेले. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतंय डिस्क शंभर टक्के भरलीय, डीयूला (फाइलींच्या आकाराची बेरीज करणाऱ्या कमांडला) त्यातलं निम्मंही सापडेना. मला बोलावलं तेव्हा लोक डिलीट झालेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली शोधत होते. तीही शंका रास्तच, त्याही जागा अडवतात. मी रूट फाइलसिस्टिम दुसऱ्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट केली, म्हणजे तीच दुसऱ्या वाटेनंही दिसेल अशी केली. तसं केलं की वर बसलेलं माउंट सोबत येत नाही, खालचं उघडं पडतं. आत ओळीनं सगळे बॅकअप!

स्क्रिप्ट लिहिणाऱ्या पोराला सगळ्यांनी झापलं. मला ते आजही पटत नाही. अहो, ती रिकामी डिरेक्टरी लिहू देत होती, दोष तिथे आहे! (आत्ता ज्यांचे हात खिशातल्या फोनकडे गेले, त्यांना मुद्दा कळला. पाच मिनिटं थांबा, मग तपासा.)

उपाय एका ओळीचा. माउंट काढलेलं असताना त्या डिरेक्टरीला चॅटर प्लस आय ही कमांड लावा, म्हणजे ती बदलता न येणारी होते. मग रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरलासुद्धा तिथे फाइल बनवता येत नाही, आणि माउंट मात्र वर बिनतक्रार बसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंट बसलंय याची माउंटपॉइंट कमांडनं खात्री करा. सिस्टिमडीची (लिनक्स सुरू करून सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) सर्व्हिस असेल तर तिच्या युनिट फाइलमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' लिहा, म्हणजे माउंट नसेल तर ती सुरूच होत नाही.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलीय. उरलेलं भराभर सांगतो.

एनएफएस माउंट हार्ड की सॉफ्ट? लिहायचं असेल तर हार्ड. स्टोरेज गेलं तर प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे उत्तराची वाट बघत, अडकते, डीएफसुद्धा लटकतं, पण स्टोरेज परतलं की काम पुढे चालू होतं. सॉफ्टमध्ये ठराविक वेळेनंतर एरर येते, आणि ती न तपासणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल ठेवून मोकळा होतो. उत्तराची वाट किती बघायची ते ठरवणारा टाइमओ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात: ६०० म्हणजे एक मिनिट.

आयस्कझीवर एक्स्टफोर ही फाइलसिस्टिम असेल तर एफएसटॅबमध्ये (माउंटांची यादी असलेल्या फाइलमध्ये) ही नेटवर्कवरची डिस्क आहे असं सांगणारा नेटडेव्ह पर्याय घालाच. नाहीतर सिस्टिमडी ती लोकल डिस्क समजतं, ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. आणि तेच व्हॉल्यूम एकाच वेळी दोन सर्व्हरवर माउंट करू नका, एक्स्टफोरची वाट लागते. तसं हवं असेल तर क्लस्टर फाइलसिस्टिम घ्या, नाहीतर सरळ एनएफएस.

'परमिशन डिनाइड' आलं तर आधी दोन्हीकडचे यूआयडी, म्हणजे युजर क्रमांक, जुळतात का बघा. रूटनं लिहिताना आलं, तर स्टोरेजच्या एक्स्पोर्टमध्ये (फाइली वाटून देण्याच्या सेटिंगमध्ये) रूटचे अधिकार काढून घेणारा रूट स्क्वॉश चालू असणार. तो बंद करू नका, बॅकअपसाठी वेगळा युजर करा. आता प्रश्न घेऊ.