पाऊस, चुनखडी आणि ज्वालामुखी

काळ्या कातळावर पावसाचा एक थेंब पडतो. खाली येता येता त्यानं हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो, म्हणून तो किंचित आम्लधर्मी असतो. त्यानं कातळ झिजतो. एका जन्मात डोळ्यांना दिसायचं नाही, पण झिजतो.

कातळातून सुटलेलं कॅल्शियम आणि पाण्यात विरघळलेला कार्बन नद्यांवाटे समुद्रात पोचतात. तिथे वाळूच्या कणाएवढे जीव त्यातून आपलं कवच घडवतात. त्यांतल्याच फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशी जीवाचं कवच भिंगाखाली धरलं, तर एकमेकांना चिकटलेल्या इवल्या फुग्यांचा पुंजका दिसतो. जीव मरतो, कवच तळाशी जातं. थरावर थर बसतात, त्यांची चुनखडी होते. हवेतल्या वायूचा दगड झाला!

हा दगडही स्थिर नाही. समुद्राचा तळ साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं सरकतो आणि खोल गर्तेपाशी दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. तिथल्या उष्णतेनं नि दाबानं काही कार्बन सुटून ज्वालामुखींवाटे पुन्हा हवेत येतो. बाकीचा आणखी खोल, पृथ्वीच्या पोटातल्या तप्त थरात, प्रावरणात उतरतो.

मला थक्क करते ती या चक्राची स्वतःला सावरण्याची रीत. हवा तापली की पाऊस वाढतो, कातळ जास्त झिजतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, पृथ्वी निवते. गारठा वाढला की झीज मंदावते. ज्वालामुखी मात्र धुमसतच राहतात. पण या सावरण्याला लाखो वर्षं लागतात, आणि आज माणूस सगळ्या ज्वालामुखींच्या पन्नासपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड दरवर्षी हवेत सोडतो आहे.

सुमारे ७२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ विषुववृत्तापर्यंत गोठली. पुढे पुन्हा एकदा तसंच घडलं. १९९२ साली भूशास्त्रज्ञ जोसेफ किर्शविंक यांनी या अवस्थेला ‘स्नोबॉल अर्थ’ म्हटलं आणि सुटकेची वाटही सुचवली. बर्फाखाली कातळाची झीज थांबली होती, ज्वालामुखी थांबले नव्हते. वायू साठत गेला, साठत गेला, आणि अखेर बर्फ वितळला.

नामिबियाच्या उघड्या कड्यांवर दुसऱ्या सुटकेची खूण आहे, सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वीची. खाली हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे. त्यांना लागूनच वर, तापलेल्या समुद्रात साचलेला, चुनखडीच्या जातीचा फिकट कार्बोनेट खडक. दोन्हींच्या सांध्यावर एकच तळहात टेकवता येतो.