कोठाराला हुकूम कोण देतं?

श्रोतेहो, नमस्कार. शिजलेल्या धान्याचा घास गिळायची घाई न करता चावत राहिलं, की तो हळूहळू गोडसर लागू लागतो. साखर तर घातलेली नसते. ती करामत लाळेतल्या अमायलेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची.

धान्यातला स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. अल्फा-अमायलेज ती मधूनच कुठेही तोडतं. बीटा-अमायलेज शिस्तीचं: टोकापासून दोन-दोन मणी काढत जातं, आणि ती जोडी म्हणजे माल्टोज ही साखर. जिथे माळेला फांदी फुटते तो सांधा मात्र दोघांनाही सुटत नाही, त्याला तिसरंच विकर लागतं. 1833 मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला डायस्टेज म्हटलं. विकरांच्या नावाशेवटी येणारं ‘एज’ तिथूनच आलं.

पण मोड आलेलाच दाणा का? मला या विषयात सर्वांत गंमत वाटते ती इथे. पक्व दाण्यातल्या स्टार्चच्या कोठारातल्या पेशी मेलेल्या असतात. जिवंत असतो तो अंकुर, आणि कोठाराभोवतीचा अल्यूरोन नावाचा पातळ थर. दाणा भिजला की अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो; ते पोचलं की हा थर अल्फा-अमायलेज तयार करतो. सातूचा दाणा कापून अंकुराकडचा भाग काढून टाकला, तर उरलेला अर्धा नुसता भिजत पडतो. त्याला बाहेरून जिबरेलिन द्या, स्टार्च विरघळू लागतो!

विकरांना स्टार्चपर्यंत आत शिरायला पेशीभिंतीही पाडाव्या लागतात. सातूत त्या मुख्यतः बीटा-ग्लुकानच्या, गव्हात अरॅबिनोझायलानच्या; दोन्ही साखरेच्या मण्यांच्याच वेगळ्या माळा. कोंबड्यांकडे यांना फोडणारी स्वतःची विकरं नाहीत. खाद्यात सातू जास्त झाला की आतड्यातला ऐवज चिकट होतो, म्हणून त्यात बीटा-ग्लुकानेज मिसळतात.

हेच मोड नको तेव्हाही येतात: कापणीआधी पाऊस लागला तर उभ्या कणसातच दाणे अंकुरतात आणि पीठ बिघडतं. ते ओळखायची चाचणी साधी आहे. पीठ-पाण्याचं मिश्रण गरम नळीत ढवळायचं, दांडा सोडायचा आणि तो तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. अमायलेज जास्त असेल तर खळ पातळ होते आणि दांडा झपकन खाली जातो.